आधी नोंदवही, मग काचेचं कपाट: गावच्या संग्रहालयात लोककलेच्या वस्तू जपताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तळकोकणातल्या एका जुन्या वाड्यात तुमची संस्था संग्रहालय सुरू करते आहे. गावकऱ्यांनी आणि कलाकार घराण्यांनी बऱ्याच वस्तू दिल्या आहेत: चित्रकथीच्या (चित्रं दाखवत आख्यान गाण्याच्या कलेच्या) पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, दशावताराचे जुने मुकुट नि पोशाख, तांब्यापितळेची भांडी, काही मूर्ती, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), दोन-तीन तलवारी, जुनी लुगडी. पावसाळ्याआधी सगळं मांडून उद्घाटन करायचं आहे. भांडी घासून चकचकीत करावीत का, चित्रं लॅमिनेट करावीत का, लाकडाला वॉर्निश लावावं का, कीड कशी रोखायची आणि कायद्याचं काही बंधन आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नको’. भांडी घासू नका, चित्रं लॅमिनेट करू नका, वॉर्निशचा डबा वाड्यात आणूही नका. उद्घाटनही दिवाळीनंतर करा, असा माझा आग्रह आहे. वस्तुसंग्रहालयांच्या संवर्धन विभागात बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की ओल आणि वाळवी जेवढं नुकसान करतात, जवळजवळ तेवढंच नुकसान हौस आणि घाई करतात. शे-दीडशे वर्षं माळ्यावर, पेटीत, देवघरात तग धरून राहिलेली वस्तू संग्रहालयात येते आणि पहिल्याच महिन्यात तिच्यावर पॉलिश, गोंद, खिळे आणि चिकटपट्टी यांचा मारा होतो. हे सगळं चांगल्या मनाने होतं, म्हणून थांबवणं आणखी अवघड जातं.

सुरुवात नोंदवहीने करा. जाड बांधणीची, पानांवर आकडे छापलेली वही घ्या. संगणकावर नोंदी ठेवाच, पण मूळ वही हाताने, टिकाऊ शाईने लिहा. प्रत्येक वस्तूला एक कायमचा क्रमांक द्या: साल, त्या सालातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. म्हणजे २०२५.३.१७ हा क्रमांक वाचल्यावर २०२५ मधल्या तिसऱ्या देणगीतली सतरावी वस्तू हे लगेच कळतं. पुढे वस्तू हरवली, फुटली किंवा परत दिली तरी तो क्रमांक दुसऱ्या कशालाही देऊ नका. धातू किंवा लाकडावर क्रमांक टाकताना आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा (रेझिनचा) पारदर्शक थर, त्यावर शाई, त्यावर पुन्हा तोच थर. हा थर अॅसिटोनने पुसून काढता येतो. रंगवलेल्या भागावर मात्र हे करू नका, कारण अॅसिटोनने जुना रंग सुटू शकतो; तिथे सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन टाक्यांनी शिवा. कागदावर मागच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन आणि मार्कर संग्रहालयाच्या आत येऊच देऊ नका.

क्रमांकापेक्षाही मोलाची असते त्या वस्तूमागची माहिती, आणि ती देणाऱ्या माणसाबरोबर नाहीशी होते. बाहुली कोणत्या पात्राची, कोणत्या आख्यानात बाहेर काढत, तिचा आवाज कोण काढायचं, दोरे कोणत्या बोटांना बांधायचे, तिचा पोशाख शेवटचा कधी बदलला, हे त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला समोर बसवून आजच विचारा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि त्या मुद्रणालाही वस्तूचाच क्रमांक द्या. चित्रकथीच्या बाबतीत हे फार निकडीचं आहे. पोथी म्हणजे सुट्या पानांचा क्रमाने लावलेला संच. रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान गाताना कथेकरी एकेक पान उचलून श्रोत्यांपुढे धरतो. क्रम बिघडला की कथा तुटते. आज कितीतरी ठिकाणी चित्रकथीची सुटी पानं सुंदर चित्रं म्हणून टांगलेली दिसतात, पण हा प्रसंग कोणत्या आख्यानातला, याच्या आधीचं पान कुठलं, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. तुमच्याकडे पोथ्या त्या घराण्यांकडून थेट आल्या आहेत. गाणारा माणूस हयात असेल तर हुडुक (छोटं चर्मवाद्य), टाळ, वीणा यांच्या साथीसह पूर्ण आख्यान एकदा मुद्रित करा आणि कोणत्या ओळीला कोणतं पान वर जातं ते लिहून ठेवा. सगळ्या कामांत एकच निवडायचं झालं तर मी हेच निवडीन.

ठिकाणाची नोंद किती मोलाची असते याचं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर मिळणाऱ्या वस्तू चिकाटीने जमवल्या आणि त्या संग्रहातून तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्या वस्तू तेरच्या आहेत हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच त्यांच्यावरून सातवाहन काळातल्या एका व्यापारी गावाबद्दल काही बोलता येतं. ठिकाण माहीत नसतं तर त्या निव्वळ जुन्या वस्तू राहिल्या असत्या. पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती असल्या घरगुती वस्तू गोळा केल्या, तेव्हा त्यांना कला म्हणायला फारसं कोणी तयार नव्हतं. १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. म्हणून गावातली मंडळी ‘हे काय ठेवायचं’ म्हणतील त्या वस्तूंकडेही नीट बघा. भाताचं माप, कोयती, विळी, दिवली, गुरांच्या गळ्यातल्या घंटा. त्या पुढच्या पिढीला बघायलाही मिळणार नाहीत.

प्रत्येक वस्तूसाठी दानपत्र करून घ्या. दान आहे की काही वर्षांसाठी ठेवायला दिलं आहे, हे स्पष्ट लिहा. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या पिढीत भांडणं होतात. कलाकार घराण्यांच्या दानपत्रात एक कलम मी आवर्जून घालायला सांगतो: त्या घरातल्या माणसाला वस्तू पाहण्याचा, तिची नक्कल करण्याचा आणि ठरलेल्या दिवशी तिची पूजा करण्याचा हक्क राहील. झिजलेली पोथी पाण्यात सोडायची रीत या परंपरेत आहे. संग्रहालयात ठेवणं म्हणजे त्या रीतीत हात घालणं आहे, आणि ते त्या घराच्या मनापासूनच्या संमतीनेच झालं पाहिजे. कोणी नको म्हटलं तर पानांचे उत्तम फोटो काढा, आख्यान मुद्रित करा आणि पोथी त्यांना परत द्या. मला यात काही गमावल्यासारखं वाटत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. तिथे परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने स्वतःच्या गोठ्याचं रूप बदलून ठाकर आदिवासी कला अंगण हे संग्रहालय उभं केलं. चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथे आहे, आणि दाखवणारे हात त्याच कलेतले आहेत. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या संग्रहालयाने त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. वस्तू दाखवावी कशी हे तिथून शिकायचं.

आता पावसाळा. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली सापेक्ष आर्द्रता कितीतरी दिवस ८५-९० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५-७० टक्के पुरतात. म्हणजे चार महिने तुमची प्रत्येक वस्तू बुरशीच्या टप्प्यात असणार आहे, आणि याच कारणाने पावसाळ्याआधी घाईने मांडणी करू नका म्हणतो. पहिला पावसाळा वाडा समजून घेण्यात घालवा. प्रत्येक खोलीत साधा अंकी आर्द्रतामापक ठेवा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. चार महिन्यांनी कोणती खोली सर्वांत कोरडी, कुठल्या भिंतीला ओल चढते, कौलातून कुठे ठिपकतं, हे तुमच्या हातात असेल. मौल्यवान वस्तूंची जागा त्यावरून ठरवा. जांभ्याच्या जाड भिंतींचा एक मोठा गुण असा की आतलं तापमान फार वरखाली होत नाही. पण त्याच भिंती जमिनीतून ओल ओढतात, म्हणून कपाट भिंतीला टेकवू नका. मागे वीतभर मोकळी जागा ठेवा आणि खाली विटा किंवा लोखंडी पाय द्या.

खिडक्या उघडल्या की खोली सुकते, ही समजूत पावसात खरी ठरत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असेल तर उघडी खिडकी ओल आतच आणते. बाहेर आणि आत दोन्हीकडचे आकडे बघून उघडायचं की नाही ते ठरवा. पंखा मात्र चालू ठेवा, कारण स्थिर हवेत बुरशी लवकर धरते. वातानुकूलन यंत्र दिवसा लावायचं आणि रात्री बंद करायचं, हे तर अजिबात नको. रोजच्या त्या चढउतारात लाकूड आकसतं, फुगतं आणि त्यावरचा रंग सुटतो. त्यापेक्षा एका छोट्या बंद खोलीत आर्द्रता काढणारं यंत्र सतत चालवा आणि नाजूक वस्तू तिथे ठेवा. तेही जमत नसेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा. ओल शोषून रंग बदललेलं जेल भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतं. पेटीत बंद करण्याआधी वस्तू पूर्ण सुकलेली हवी, नाहीतर ओलच आत कोंडली जाईल.

तरीही बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसू नका. ठिपका पसरतो आणि डाग आत मुरतो. ती वस्तू वेगळ्या खोलीत न्या, नाकातोंडावर चांगला मास्क लावा, सावलीत पंख्याखाली सुकू द्या आणि मऊ ब्रशने ती धूळ व्हॅक्युम क्लीनरच्या नळीकडे झटका. नळीच्या तोंडावर जाळीचं कापड बांधा, म्हणजे सुटलेला रंगाचा पापुद्रा आत जाणार नाही. पोथ्यांना ऊन दाखवायची आपली जुनी सवय आहे. त्यामागचा हेतू बरोबर आहे, ऊन मात्र सावलीत बदला. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, ओसरीत, दोन-तीन तास पुरे.

किडीचं उत्तर फवारणीत नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते. दर आठवड्याला टॉर्च घेऊन भिंतींचे कोपरे, चौकटी आणि कपाटांचे पाय बघा. नळी दिसली की जागा लिहून ठेवा, मोडा, आणि वाड्याच्या पायाशी जाणकाराकडून उपाय करून घ्या. औषध इमारतीला लागतं, वस्तूला लागता कामा नये. लाकडातला भुंगा पिठासारखी बारीक भुकटी टाकतो. बाहुल्यांसाठी वापरतात त्या पांगाऱ्यासारख्या मऊ, हलक्या लाकडाला तो लवकर लागतो. प्रत्येक लाकडी वस्तूखाली काळा कागद ठेवा. ताजी भुकटी लगेच नजरेत भरते. कागद, खळ आणि गोंद यांवर कसर आणि झुरळं येतात, आणि चित्रकथीची पानं खळीने चिकटवलेली असल्यामुळे त्यांच्याकडे ती हमखास वळतात. दाराशी आणि कपाटांखाली चिकट सापळे ठेवा. त्यात काय अडकलं ते बघितलं की कोणती कीड, कुठून येते आहे, हे कळतं.

नवी आलेली प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या खोलीत काही आठवडे ठेवा. कीड बहुतेक वेळा देणगीबरोबरच आत येते. कापडात जिवंत कीड दिसली तर ते जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कापडावर दव धरेल. रंगवलेल्या लाकडाला आणि चामड्याच्या बाहुल्यांना हा उपाय करू नका. तिथे ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून हवाबंद पिशवीत तीन-चार आठवडे ठेवण्याची पद्धत आहे. पिशवी ऑक्सिजन रोखणाऱ्या खास फिल्मची लागते, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा.

डांबरगोळ्या टाळा. त्यांची वाफ बंद खोलीत काम करणाऱ्याला अपाय करते, आणि त्यांचे स्फटिक वस्तूवर बसतात. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, ती कीड काही प्रमाणात दूर ठेवते. आत शिरलेली कीड तिने मरत नाही. कडुनिंबाचा पाला पोथीच्या पानांत घालू नका. तो सुकून चुरा होतो, डाग पाडतो आणि कधी स्वतःच कीड घेऊन येतो. जुन्या संग्रहातून आलेल्या वस्तूंवर पूर्वी कोणी डीडीटीसारखी कीटकनाशक पूड टाकलेली असू शकते. पांढरट पूड दिसली तर हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. हळदीसारखा पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग आहे. हस्तलिखितांत तो रंग म्हणून आणि चूक खोडण्यासाठी वापरत, तेव्हा पिवळ्या पानांना हाताळून झालं की हात धुवा.

कागदाबद्दल एकच नियम: जे परत काढता येणार नाही ते लावू नका. गरम प्लास्टिकचं लॅमिनेशन परत निघत नाही. चिकटपट्टीचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. फेविकॉलने जोडलेलं पान सोडवताना फाटतं. फाटलेलं पान तसंच कोऱ्या, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा आणि दुरुस्ती प्रशिक्षित माणसासाठी राखून ठेवा. चित्रकथीच्या पानात सहसा दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. भिंतीवरच्या फ्रेममध्ये ते पान घातलं की एक चित्र कायमचं झाकलं जातं, म्हणून फ्रेम करूच नका. संच आडव्या पेटीत, क्रमाने ठेवा. रंग डिंकात कालवलेले असतात, तेव्हा पाण्याचा थेंबही लागता कामा नये. हिरवा जंगाल रंग जिथे आहे तिथे कागद तपकिरी होऊन तुटायला लागलेला दिसेल. तांब्याचा तो रंग कागद आतून खातो; अशी पानं वेगळी काढून तज्ज्ञाला आधी दाखवा.

मोडी रुमालांमध्ये कागदांचा क्रम बदलू नका. कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता हीसुद्धा माहिती असते. काजळीची शाई आणि जुना हातकागद दोन्ही टिकाऊ असतात. बहुतेक वेळा शत्रू ओल असते, नाहीतर घड्या. रुमालाचं जुनं कापड मळकं असलं तरी फेकू नका. त्यावर गावाचं नाव, साल लिहिलेलं सापडतं. नवं गुंडाळायला बिनरंगाचं मांजरपाट घ्या, दोन-तीनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढा आणि मग वापरा. खळ राहिली तर कीड तिच्यासाठीच येईल. फोटो काढून मोडी वाचणाऱ्याकडून निदान दोन ओळींचा सारांश लिहून घ्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या कामात आहे. मोडीचे जाणकार शोधायला तिथून सुरुवात करता येईल.

हातमोज्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. कागद हाताळताना धुतलेले, कोरडे, उघडे हात बरे. मोज्यात स्पर्श कळत नाही आणि पान फाटतं. धातूला मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेतच, कारण घामातलं मीठ बोटांचे ठसे कायमचे उठवतं.

धातूच्या वस्तूंबद्दल गावात वाद होईल, त्याची तयारी ठेवा. चिंच, लिंबू, राख, पॉलिश, यातलं काहीही लावलं की धातूचा एक थर जातो. सारखं घासून कितीतरी भांड्यांवरची नावं, सालं आणि नक्षी पुसट झालेली मी पाहिली आहेत. भांड्यावर कोरलेलं नाव आणि लग्नाचं साल हा त्या भांड्याचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. तपकिरी-काळसर जुनी झाक धातूचं रक्षणच करते, तिला हात लावू नका. आत राहिलेली कल्हई, बुडाची काजळी हे सगळं वापराचं चिन्ह आहे. ते राहू द्या. मऊ ब्रशने धूळ काढा, पुरे. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची: पितळ, तांबं किंवा पंचधातूच्या मूर्तीवर फिकट हिरवी, पिठूळ भुकटी ठिपक्याठिपक्यांनी येत असेल तर क्षारांमुळे धातू आतून सडतो आहे. समुद्राजवळ हे नेहमीचं आहे. ती वस्तू सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात, शक्य तितक्या कोरड्या हवेत, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि धातू-संवर्धकाला कळवा. तलवारीला खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन धूळ आणि ओल धरून ठेवतं. म्यानात अडकलेलं पातं ओढून काढायचा प्रयत्नही नको.

दशावताराचे मुकुट आणि पोशाख हा तुमच्या संग्रहातला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मौल्यवान भाग. मुकुटात पुठ्ठा, लाकूड, बेगड, काच, मणी, कापड असं सगळं एकत्र असतं, आणि एकाला मानवणारी हवा दुसऱ्याला मानवत नाही. मध्यम आणि स्थिर आर्द्रता, ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास, हीच तडजोड. मुकुट त्याच्या आतल्या घेराएवढ्या गोल आधारावर ठेवा, खिळ्याला टांगू नका. पोशाखाच्या कॉलरवर आणि बाह्यांवर चेहऱ्याच्या रंगाचे, घामाचे डाग असतील. ते धुऊ नका. रात्रभर उभं राहून दशावतार करणाऱ्या माणसाची ती खूण आहे, आणि कोणता रंग वापरत हे त्यावरूनच कळतं. घामाच्या जागी कीड लवकर येते, म्हणून असे पोशाख दर महिन्याला तपासा.

लुगडी घडी घालून ठेवू नका. जर असलेलं कापड त्याच त्या घडीवर मोडतं. रुंद पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मांजरपाट गुंडाळून त्यावर लुगडं गुंडाळा, जरीची बाजू बाहेर. चामड्याच्या बाहुल्या सपाट, एकावर एक न ठेवता. कडा वळल्या असतील तर इस्त्री, तेल, वजन यातलं काही नको. कळसूत्री बाहुल्या त्यांच्या जुन्या दोऱ्यांवर कायमच्या लटकवू नका. दोरे काढायचेही नाहीत. शरीराला खालून आधार द्या म्हणजे दोऱ्यांवरचा भार जाईल.

उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही. कागद आणि कापडासाठी ५० लक्सची (लक्स हे उजेडाचं माप) मर्यादा सगळीकडे मानली जाते. डोळ्याला ते अंधुक वाटतं, पण बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला ओसरीतून आत येताना दोन मिनिटं थांबवलं की नजर सरावते. खिडक्यांना जाड सुती पडदे, आत एलईडी, आणि बघणारं कोणी नसेल तेव्हा अंधार. एका वेळी पोथीची चार-पाच पानंच मांडा, तीन-चार महिन्यांनी बदला. सगळी पोथी बघायची असेल त्याच्यासाठी फोटोंचा संच ठेवा. आख्यानासाठी नवी पोथी त्याच घराण्यातल्या चित्रकाराकडून करून घ्या, योग्य मोबदला देऊन. जुनी पोथी विश्रांती घेईल आणि कलेला कामही मिळेल.

काही कला संग्रहालयात ठेवताच येत नाहीत, हेही मान्य करावं लागतं. वारल्यांच्या लग्नाचा चौक सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, आणि भिंत सारवली की तो जातो. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकापासून ही चित्रकला कागदावर नेली आणि जगभर पोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली; पण भिंतीवरचा चौक ही वेगळीच गोष्ट राहिली. अशा कलेसाठी दरवर्षी त्या बायकांना बोलावून भिंतीवर नव्याने काढायला सांगणं आणि त्याची नोंद ठेवणं हाच संग्रह. तुमच्याकडेही असं काही असेल तर काच लावून कोरडं करू नका.

कायद्याबद्दल. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२चा, लागू ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांपेक्षा जुनी, महत्त्वाची हस्तलिखितं त्यात येतात. मूर्ती, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. जमिनीत सापडलेली वस्तू कोणी आणून दिली तर तिला १८७८चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागू होतो. ती परस्पर स्वीकारू नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगा. हस्तिदंत, शिंगं, वाघनखं आणि हरणाच्या कातड्याच्या जुन्या बाहुल्या यांच्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ची बंधनं आहेत, म्हणून वन विभागाला विचारल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. तलवारींची यादी फोटोंसह पोलीस ठाण्यात द्या. मूर्ती देवळातून आली असेल तर एका माणसाच्या शब्दावर घेऊ नका, देवस्थानच्या विश्वस्तांचा लेखी ठराव मागा.

जुलै २०२१च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. खालच्या मजल्यावर सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. नोंदवहीची आणि फोटोंची प्रत दुसऱ्या गावात ठेवा. कागद भिजले आणि दोन दिवसांत सुकवणं शक्य नसेल तर पिशव्यांत भरून गोठवा. बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २०१६ साली आगीत गेलं. जुन्या वाड्याची वायरिंग पूर्ण नवी केल्याशिवाय एकही वस्तू आत नेऊ नका.

मदतीसाठी राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण संशोधन प्रयोगशाळा ही दारं ठोठावा. गावातल्या दोन तरुण माणसांना प्रशिक्षणाला पाठवा, आणि त्यांतलं निदान एक कलाकार घराण्यातलं असू द्या. संगणकावरच्या नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने केलेली ‘जतन’ ही प्रणाली आहे.

आतापासून पाऊस लागेपर्यंत कौलं, वायरिंग, नोंदवही, फोटो आणि वयस्क कलाकारांच्या मुलाखती, एवढंच करा. पावसात रोजचे आकडे लिहा आणि वस्तू पेट्यांत बंद ठेवा. ऑक्टोबरमध्ये सगळं उघडून तपासा, काय बिघडलं ते लिहा. मग मांडणी. उद्घाटनाला शंभर वस्तू लागत नाहीत. एका पोथीची पाच पानं, एक मुकुट, चार भांडी त्यांच्या घरच्या नावांसह ठेवा, आणि संध्याकाळी ओसरीत एक आख्यान नव्या पोथीवर पूर्ण होऊ द्या.